पुढचा रुपया कुठे?

साखर कारखान्यांचे गाळप आटोपत आले, की प्रवराकाठच्या गावांमध्ये एक वेगळाच हंगाम सुरू होतो. उसाचे बिल खात्यावर जमा झालेले असते. सोसायटीचे पीककर्ज, खताच्या दुकानातली उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता असे सगळे वळते होऊन जे काही मागे राहते, ते वर्षातून एकदाच राहते. पगारदाराची बचत महिन्याच्या महिन्याला थेंबाथेंबाने साचते. शेतकऱ्याची बचत एकरकमी येते आणि म्हणूनच ती एकरकमी जाऊही शकते.

या दृष्टीने कोल्हार हे गाव पाहण्यासारखे आहे. नगर-मनमाड रस्ता इथे प्रवरा ओलांडतो, संगमनेर-अकोल्यावरून घोटीला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. भगवतीमातेचे देवस्थान, मोठी बाजारपेठ, शेजारी लोणी आणि प्रवरानगर. पाटाचे पाणी आणि ऊस यांच्यामुळे पैसा आला, आणि रस्त्यामुळे त्या पैशाच्या शोधात असलेली माणसेही आली. माझे बरेचसे आयुष्य या भागात गणित शिकवण्यात गेले. त्यामुळे जुने विद्यार्थी अजूनही थांबून विचारतात, ‘‘सर, महिन्याला दहा टक्के देतो म्हणतोय. आमच्या मेव्हण्याला सहा महिने बरोबर मिळाले. टाकावेत का?’’

हा प्रश्न एकट्या कोल्हारचा नाही. २०२४ मध्ये शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाने ठेवी गोळा करणारी दुकाने एकामागून एक बंद पडली. २०२५ मध्ये शिर्डीच्या परिसरातही तशाच तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला होता, आणि ‘बँकेतही पैसा सुरक्षित नाही, मग चार पैसे जास्त देणाऱ्याकडे का ठेवू नये?’ हा युक्तिवाद पारावर ऐकू येऊ लागला होता. अशा प्रकरणांची चर्चा आपल्याकडे दोन अंगांनी होते. एक तर पोलीस काय करत होते, किंवा मग लोक इतके हावरे कसे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या दोहोंच्या मुळाशी गणिताचे दोन प्रश्न आहेत आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. हाती असलेला मर्यादित पैसा कुठे किती लावावा, हा पहिला. समोर दिसणाऱ्या चार ठिपक्यांतून रेघ कशी ओढावी आणि ती पुढे कुठवर वाढवावी, हा दुसरा. गंमत अशी, की हे दोन्ही प्रश्न प्रवराकाठच्या माणसाला मुळीच नवे नाहीत.

पाटाच्या पाण्याचा हिशेब

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. दुष्काळी मुलखाला आधार म्हणून दख्खनच्या कालव्यांवर सरकारने जो पैसा घातला, तो पाणीपट्टीतून वसूल होईना. मग प्रश्न उभा राहिला, की ही गुंतवणूक तोट्याची म्हणायची काय? गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच ‘प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ’ असे शब्द आहेत आणि सगळे मर्म त्यात आहे. सरकारच्या तिजोरीत आलेली पाणीपट्टी हा एक आकडा झाला. बागायतीमुळे मजुराला मिळालेले काम, व्यापाऱ्याची वाढलेली उलाढाल, दुष्काळात वाचलेला खर्च हे मोजले, तर उत्तर वेगळे येते. बेरीज-वजाबाकी तीच राहते. नफा कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ होते. गुंतवणुकीचे गणित मांडणारा माणूस आणि ते गणित प्रत्यक्षात उतरवणारा माणूस एकाच ठिकाणी भेटल्याची अशी उदाहरणे थोडी.

खताची चौथी आणि पाचवी मात्रा

आता कालव्यावरून शेतात उतरू. कोल्हारहून नगरकडे त्याच रस्त्याने निघाले, की राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते. तिथले मृदाशास्त्रज्ञ अनेक वर्षे एक काम करत आले आहेत: निरनिराळ्या तुकड्यांत नत्र, स्फुरद, पालाश कमी-जास्त द्यायचे, उत्पादन मोजायचे आणि त्या ठिपक्यांना जवळात जवळ जाईल असे समीकरण शोधायचे. माती परीक्षणाचा आकडा आणि अपेक्षित उत्पादन त्यात घातले, की किती खत लागेल ते निघते. एखाद्या कठीण परीक्षेत शोभावा असा हा प्रश्न आपल्या शेजारी रोज सोडवला जातो.

त्याचा गाभा एका लहान कोड्यात सांगता येतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, शिफारस म्हणून कोणी घेऊ नयेत. समजा, खत न देता एकरी २६ टन ऊस येतो. खताची एक मात्रा दिली तर ३१.५, दोन दिल्या तर ३६, तीन ३९.५, चार ४२, पाच ४३.५ आणि सहा दिल्या तर ४४ टन. मजुरी धरून एका मात्रेचा खर्च ४,००० रुपये. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर जाहीर केला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हातात २,५०० पडतात असे धरू. तर किती मात्रा द्याव्यात?

बहुतेकजण सहा सांगतात, कारण सर्वांत जास्त टन तिथे आहेत. ‘एकरी शंभर टन’ अशा पाट्यांनी आपल्याला टन मोजायला शिकवले आहे. पण प्रत्येक मात्रेने घातलेली भर पाहा: साडेपाच टन, मग साडेचार, साडेतीन, अडीच, दीड आणि शेवटी अर्धा. चौथ्या मात्रेने ६,२५० रुपयांचा ऊस वाढवला, म्हणजे ती परवडली. पाचवीने वाढवला ३,७५० चा आणि खाल्ले ४,०००. सहावीने दिले १,२५०, खाल्ले पुन्हा ४,०००. म्हणजे चारवर थांबणाऱ्यापेक्षा सहावर जाणारा दोन टन जास्त पिकवतो आणि तीन हजार रुपये कमी कमावतो. कारखान्याला टन दिसतात, गावाला टन दिसतात. तीन हजारांचा खड्डा फक्त घरच्या वहीत दिसतो, तोही वही ठेवली तर.

कोडे थोडे अवघड करू. पैसे फक्त चार मात्रांपुरते आहेत आणि उसाशेजारी पेरूची बाग आहे. बागेत पहिली मात्रा ९,५०० रुपयांची भर घालते, दुसरी ७,००० ची, तिसरी ४,५०० ची. चारही मात्रा उसाला दिल्या तर भर पडते ४०,००० ची. पण उसाची चौथी मात्रा काढून बागेला पहिली म्हणून दिली, तर ४३,२५०. एक पैसाही जास्त न घालता सव्वातीन हजार वाढले. नियम साधा आहे: कोणते पीक चांगले हे विचारू नका, पुढचा रुपया कुठे जास्त देईल ते विचारा. उसाला जन्मभराचा मान देणाऱ्या आपल्या भागात हा नियम गळी उतरणे सोपे नाही. पैशाच्या जागी पाटाचे आवर्तन ठेवले, तरी नियम बदलत नाही.

अर्थात या गणितात एक खाच आहे आणि ती गाडगीळांनी दाखवलेलीच आहे. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, स्फुरद आणि पालाशाच्या खतांच्या किमती मोकळ्या झाल्या; युरियाची मात्र बांधूनच ठेवली. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतक्या स्वस्त गोणीने अर्धा टन ऊस जरी वाढला, तरी वहीत ती फायद्याचीच दिसते. म्हणून हात थांबत नाही. चोपण होत चाललेली जमीन, खारट झालेली विहीर या गोष्टी या वर्षीच्या वहीत येत नाहीत. त्या दहा वर्षांच्या वहीत येतात. वही किती वर्षांची धरायची, हे ठरवण्यात गणिताची मदत होत नाही. ते मालकाने ठरवायचे असते.

सहावा ठिपका

शेतातला हा शहाणपणा पैसा हातात आल्यावर कुठे जातो? मला वाटते, तो रेघेच्या मोहात हरवतो. हा मोह समजण्यासाठी वर्गात मी एक कोडे घालत असे. एक वर्तुळ काढा. त्याच्या काठावर ठिपके द्या आणि प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाशी सरळ रेघेने जोडा. वर्तुळाचे किती तुकडे पडतात? एका ठिपक्याला एक. दोनांना दोन, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. सहाला किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘बत्तीस!’ काढून मोजा. कितीही वेळा मोजा, एकतीसपेक्षा जास्त होत नाहीत. पुढे सात ठिपक्यांना सत्तावन्न, आठांना नव्याण्णव. दुप्पट होत जाण्याचा नियम तिथे कधी नव्हताच. पहिले पाच ठिपके दोन वेगवेगळ्या वक्ररेषांवर बसत होते आणि आपण आपल्याला आवडणारी निवडली.

मेव्हण्याचे सहा हप्ते हे असेच ठिपके आहेत. ते खरे आहेत, वेळेवर आलेले आहेत. त्यांच्यातून ओढलेली रेघ मात्र आपली आहे. समजा, एकाने एक कोटीच्या ठेवी गोळा केल्या आणि धंदा काहीच केला नाही. महिन्याला दहा टक्के म्हणजे दहा लाख वाटायचे. पहिला कोटी त्याने आपल्याकडे ठेवला. वाटायचे दहा लाख नव्या ठेवींतून आणले. आता ठेवी झाल्या एक कोटी दहा लाख, पुढच्या महिन्याला अकरा लाख लागणार. म्हणजे ठेवीसुद्धा महिन्याला दहा टक्क्यांनी वाढल्या पाहिजेत. दोन वर्षांत त्या जवळजवळ दहापट व्हाव्या लागतात आणि चार वर्षांत सत्त्याण्णव पट. एका कोटीचे सत्त्याण्णव कोटी कोल्हारात कुठून येणार? राहात्यातून, मग श्रीरामपुरातून, मग जिल्ह्यातून. ज्या महिन्यात नवी माणसे पुरी पडत नाहीत, त्या महिन्यात कुलूप लागते. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देण्याचे आश्वासन दिले होते. त्याचेही गणित याहून वेगळे नव्हते. कुलूप लागणार हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते, फक्त तारीख ठरलेली नसते. आणि कुलूप लागेपर्यंत प्रत्येक ठेवीदाराच्या वहीत सगळे ठिपके एका सरळ रेघेवर असतात. फसवणुकीची रेघ खऱ्या धंद्याच्या रेघेपेक्षा सरळ असते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याने कधी कांदा विकला आहे, त्याने महिन्याला तंतोतंत तेवढेच देणाऱ्या धंद्यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

मग ठिपक्यांवरून रेघ ओढूच नये काय? तसे म्हटले तर विज्ञानच बंद करावे लागेल. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला सेरेस हा लघुग्रह दिसला. काही आठवड्यांनी तो सूर्याच्या तेजाआड गेला. त्या थोड्याशा निरीक्षणांवरून गाउस या तरुण गणितज्ञाने त्याची कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता तो त्याने सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडला. गाउसची रेघ पुढे वाढवता आली, कारण ठिपक्यांमागे नियम होता: ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो. राहुरीच्या वक्ररेषेमागेही नियम आहे: पिकाची भूक भागत जाते, तसा पुढच्या घासाचा उपयोग कमी होतो. दहा टक्क्यांच्या रेघेमागे काय आहे? पैसा नेमका कशातून वाढतो, हे विचारल्यावर जिथे ‘आमचे सॉफ्टवेअर आहे’ एवढेच उत्तर येते, तिथे मागे नियम नाही असे खुशाल समजावे.

ठिपके कोणी निवडले?

रेघेइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठिपक्यांचा. याचा धडा देणारा माणूस आपलाच होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी चाळीसच्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. गावाचे पीक किती आले हे मोजण्यासाठी शेत निवडायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीविना. तलाठ्याला सोयीचे शेत घेतले किंवा पाटलाचे डौलदार शेत घेतले, की आकडा बिघडला. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली: कापणीचा तुकडा फार लहान घेतला, की काठावरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पादन फुगते. कोणी लबाडी केलेली नसते, तरीही आकडा खोटा निघतो.

आज या प्रयोगांचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. एक रुपयात पीकविमा ही योजना राज्याने २०२५ मध्ये बंद केली आणि खरीप २०२५ पासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावर बेतली. म्हणजे आपल्या मंडळात कोणते तुकडे निवडले गेले आणि कापणीच्या वेळी तिथे कोण हजर होते, हा आता प्रत्येक विमाधारकाच्या खिशाचा प्रश्न आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणाला मान्यता दिली, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद केली. त्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. यंत्र कितीही हुशार असले, तरी ते ठिपक्यांतूनच रेघ काढते. एका जमिनीवर घेतलेले ठिपके दुसऱ्या जमिनीला लागू पडतील असे नाही. प्रवरेच्या भारी काळ्या रानात बसलेली रेघ पठारावरच्या मुरमाडीला सल्ला देऊ लागली, तर दोष यंत्राचा नसेल.

गुंतवणुकीच्या मेळाव्यात मात्र ठिपके मंचावर बसवलेले असतात. ज्याला गाडी मिळाली तो बोलतो. ज्याचे बुडाले त्याला निमंत्रणच नसते. सगळे ठिपके मोजले, तर काय दिसते? शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांविषयी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पुढच्या, २०२४-२५ या वर्षीही सुमारे ९१ टक्के तोट्यातच होते. हा बाजार कायदेशीर आहे, नियंत्रणाखाली आहे, आणि तरीही हे चित्र आहे. आता त्याच बाजारातून ‘दरमहा खात्रीचे दहा टक्के’ काढून देतो म्हणणाऱ्याचा दावा किती मोठा आहे ते पाहावे. दहा टक्के खरोखरच मिळत असतील आणि ते त्याने तिथेच ठेवले, तर एका लाखाचे पाच वर्षांत तीन कोटी चार लाख होतात. ज्याच्याकडे अशी विद्या आहे, तो आपले उसाचे बिल मागायला दारात कशाला येईल?

कायदे आहेत. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा. परंतु त्यांचा हात बहुधा कुलूप लागल्यानंतरच तिथे पोहोचतो. त्याआधी पोहोचू शकते ते शिक्षण. दहावीच्या २०१८ मध्ये बदललेल्या गणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आले, त्यात शेअर आले, म्युच्युअल फंड आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आपल्या उदाहरणांची सुरुवात अजून ‘द.सा.द.शे. अमुक दराने’ अशीच होते. दर दिलेला असतो. मुलाने तो सूत्रात घालायचा आणि उत्तर काढायचे. बाहेरच्या जगात नेमका तो दरच संशयास्पद असतो आणि त्याच्यावर शंका घ्यायला आपण शिकवलेलेच नसते. ‘महिन्याला दहा टक्के देणारी योजना चार वर्षे चालायची, तर ठेवी किती पट व्हाव्या लागतील?’ असे एक उदाहरण प्रकरणाच्या शेवटी घातले, तर दहावीचा मुलगा ते रात्री घरी वडिलांसमोर सोडवील.

सोसायटीच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखवतात. त्याच सभेत, बिले जमा होण्याच्या सुमारास, फळ्यावर तीन प्रश्न लिहायला काय हरकत आहे? पैसा कशातून वाढतो? दाखवलेले ठिपके कोणी निवडले? आणि हाच रुपया दुसरीकडे लावला तर किती देईल? पहिला आपल्याला मातीने शिकवला आहे, दुसरा सुखात्म्यांनी आणि तिसरा तर या भागातल्या चांगल्या शेतकऱ्याला पाठच आहे. पेरूला पहिली मात्रा द्यायची की उसाला चौथी, हे तो बांधावर उभ्या उभ्या ठरवतो. पुढच्या हंगामाचे बिल जमा होईल, तेव्हा त्याने एवढाच हिशेब घराच्या ओट्यावर, समोर चकचकीत पत्रक घेऊन बसलेल्या पाहुण्यासमोर करावा.